प्लॅटिनमच्या जागी कोळसा : बगॅसला नवे मोल येईल काय?



एक टन ऊस गाळला की पाव टनाहून थोडा जास्त बगॅस निघतो आणि त्यात निम्मे पाणीच असते. तो बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर कारखाना फिरतो. हे नांदेड-लातूरकडच्या ऊसवाल्याला नवे नाही. पण बगॅसपासून भारी किमतीचा कार्बन होतो, तो हायड्रोजनच्या गाड्यांना लागतो, अशी बातमी अधूनमधून कानावर येते. त्यात खरे किती, ते पाहू या.

अडले कुठे?

पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी हायड्रोजनवरच्या बसचे अनावरण झाले. केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी ती तयार केली. अशा बसमध्ये इंधनघट असतो. एका बाजूने हायड्रोजन, दुसरीकडून हवेतला ऑक्सिजन येतो. दोहोंचा संयोग होऊन वीज मिळते आणि बाहेर पडते ते पाणी. धूर नाही.

पण ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, लवकर सुटत नाहीत. त्यासाठी मध्यस्थ लागतो. सोयरीक जुळवून स्वतः बाजूला राहणारा! त्याला उत्प्रेरक म्हणतात. आज हे काम प्लॅटिनम करते, आणि ते फार महाग. म्हणून स्वस्त कार्बनचा शोध चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही यावर काम झाले आहे.

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

जत्रेत साखरेचे ‘बुढ्ढी के बाल’ काढतात ना, तसेच ॲक्रिलिकच्या द्रावणातून विजेच्या जबर दाबाने तंतू ओढतात. केसाहून शेकडो पट बारीक. मग हवा लागू न देता ८०० ते १,००० अंशांपर्यंत तापवतात. उरतो तो सच्छिद्र कार्बन. चांगल्या सच्छिद्र कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे भरतो! भुसभुशीत रानात पाणी मुरते, तसा यात ऑक्सिजन शिरतो. कार्बनमध्ये मिसळलेले नायट्रोजन व लोहाचे अणू मध्यस्थी करतात.

बगॅसपासूनही सच्छिद्र कोळसा होतो, हे प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अल्कलीयुक्त घटात असा कार्बन प्लॅटिनमच्या जवळ पोचतो. बसमधल्या आम्लधर्मी घटात तो लवकर खराब होतो. शिवाय उत्प्रेरक लागतो ग्रॅमच्या हिशेबात, आणि आपला बगॅस निघतो हजारो टन.

सभासदांनी काय विचारावे?

उद्या कोणी बगॅसपासून कार्बनचा प्रकल्प घेऊन आला, तर त्याला हसून वाटेला लावू नये, आणि लगेच मानही डोलवू नये. वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत. माल घेणारे गिऱ्हाईक कोण? एक टन कोरड्या बगॅसमागे विकाऊ माल किती? आणि बॉयलरला बगॅस कमी पडला तर जाळायचे काय, त्याचा खर्च कोणाच्या माथी?

या तिन्हींचे उत्तर कागदावर मिळाले, तरच भागभांडवलाला हात लावावा. तोवर बगॅसचे मोल बॉयलरमध्येच आहे.