‘आतल्या आवाजा’ची किंमत

राष्ट्रपतीपदाची निवडणूक म्हणजे आपल्याकडे बहुधा निकाल आधीच ठाऊक असलेली निवडणूक. सत्ताधाऱ्यांनी नाव जाहीर केले की उरते ती औपचारिकता. विरोधकांचाही उमेदवार असतो, पण तो जिंकण्यासाठी नव्हे, तर लढत दिल्याची नोंद व्हावी म्हणून. या शिरस्त्याला एक ठळक अपवाद आहे, तो १९६९ च्या निवडणुकीचा. त्या वर्षी सत्ताधारी काँग्रेसचा अधिकृत उमेदवार पराभूत झाला आणि तो पराभूत व्हावा अशी इच्छा बाळगणाऱ्यांत खुद्द काँग्रेसच्याच पंतप्रधान होत्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत देशातील सर्वांत मोठा पक्ष दुभंगला.

‘सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करा’ हे आवाहन त्याच निवडणुकीतले. ‘आतला आवाज’ हा शब्द राजकारणाच्या बाजारात चलनी झाला तो तेव्हापासून. आजही एखाद्या आमदाराने वा खासदाराने पक्षाची रेषा ओलांडली की त्याला हा आवाज ऐकू आलेला असतो. म्हणूनच तो पहिल्यांदा कसा आणि का उमटला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

बंगळूरचा निर्णय

राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. पदावर असताना राष्ट्रपतींचे निधन होण्याची ही पहिलीच वेळ. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राष्ट्रपतीपदाची सूत्रे हाती घेतली. अशा प्रसंगी सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावा लागतो, असा घटनेचा दंडक आहे.

काँग्रेसमध्ये तेव्हा दोन सत्ताकेंद्रे होती. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी आणि दुसऱ्या बाजूला निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील आदी ज्येष्ठांचा ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखला जाणारा गट. जुलै महिन्यात बंगळूर येथे पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले, तर ज्येष्ठांनी लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे. कौल चार विरुद्ध दोन असा रेड्डींच्या बाजूने गेला. त्या चौघांत कामराज आणि मोरारजी देसाई यांच्यासह स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण हे महाराष्ट्राचे दोन नेतेही होते. यशवंतरावांचे मत पंतप्रधानांच्या विरोधात गेले, पण पुढे पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबरच राहिले. त्या उन्हाळ्यात कोण कोणत्या बाजूला आहे, हे सांगणे किती कठीण झाले होते, याचे हे एक उदाहरण.

पुढच्या घटना विलक्षण वेगाने घडल्या. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. वटहुकमावर काळजीवाहू राष्ट्रपती म्हणून गिरींनी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी पदाचा राजीनामा देऊन ते अपक्ष म्हणून निवडणुकीच्या रिंगणात उतरले. सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांच्याकडे राष्ट्रपतीपदाची सूत्रे गेली. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर मात्र पंतप्रधानांची सही होती.

तीन उमेदवार, तीन राजीनामे

या निवडणुकीविषयी जे लिहिले गेले, ते मुख्यतः इंदिरा गांधी आणि सिंडिकेट यांच्या झुंजीविषयी. प्रत्यक्ष उमेदवार त्या झुंजीत झाकोळून गेले. रेड्डी म्हणजे सिंडिकेटचे प्यादे, गिरी म्हणजे पंतप्रधानांचे प्यादे आणि तिसरे चिंतामणराव देशमुख म्हणजे उजव्यांचे उमेदवार, अशी सोयीस्कर वर्गवारी झाली. तिघांच्या पूर्वायुष्याकडे पाहिले तर एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. या तिघांनीही पूर्वी कधी ना कधी तत्त्वासाठी सत्तेचे पद सोडले होते.

गिरी हे रेल्वे कामगारांच्या चळवळीतून आलेले नेते. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते कामगारमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेल्या न्यायाधिकरणाच्या निवाड्यात सरकारने फेरफार केले, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

रेड्डी हे आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर प्रतिकूल ताशेरे ओढल्यावर १९६४ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पक्षाच्या सदस्यत्वाचाही राजीनामा दिला होता. अध्यक्षाने पक्षातीत असावे, या संकेताचा त्यांनी शब्दशः आदर केला.

आणि चिंतामणराव देशमुख! कुलाबा जिल्ह्यातील नाते गावचा जन्म, आयसीएसमधील गाजलेली कारकीर्द, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले. लोकसभेत उभे राहून त्यांनी आपली कारणे सांगितली आणि ती सांगताना पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीवरही टीका केली. मराठी माणसाने या राजीनाम्याची आठवण जपली आहे, ती केवळ मुंबईसाठी नव्हे. सत्तेच्या शिखरावरचा माणूस उघडपणे ‘नाही’ म्हणतो, याचे अप्रूप त्या आठवणीत आहे.

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी १९६९ मध्ये देशमुखांना उमेदवारी दिली. विद्वत्ता, अनुभव आणि निःस्पृहता या कसोट्या लावल्या, तर तिघांत ते उजवे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणाला ते मराठी माणसाचे मत वाटेल; वाटो. परंतु या निवडणुकीत उमेदवाराच्या योग्यतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने कोणी विचारलाच नाही, ही त्यातली खरी खंत आहे. प्रश्न एकच होता, आणि तो म्हणजे राष्ट्रपती भवनात कोणाचा माणूस जाणार.

अर्थात दोन्ही गटांची बाजू समजून घेतली पाहिजे. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, पक्षाच्या अधिकृत मंडळाने बहुमताने निर्णय घेतला आहे आणि तो पंतप्रधानांवरही बंधनकारक आहे. हे म्हणणे नियमाला धरून होते. पंतप्रधानांच्या गटाला वाटणारी भीतीही निराधार म्हणता येणार नाही. ज्येष्ठांच्या मर्जीतला राष्ट्रपती हाताशी असेल, तर पंतप्रधानांना दूर सारण्याचा मार्ग सुकर होईल, असे त्या गटाला वाटत होते. त्यातच पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटून दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना देण्याची विनंती केली. पंतप्रधानांच्या गटाला हवे होते ते निमित्त मिळाले. उजव्यांशी हातमिळवणी केल्याचा आरोप झाला, पक्षादेश काढण्यास इंदिरा गांधींनी नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर सदसद्विवेकबुद्धीचे आवाहन पुढे आले.

दुसऱ्या पसंतीचे गणित

निकाल समजण्यासाठी मतदानाची रीत ठाऊक हवी. राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. प्रत्येकाच्या मताला ठरावीक मूल्य असते. १९६९ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते, तर महाराष्ट्राच्या आमदाराचे १४६. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात.

मतदान १६ ऑगस्टला झाले आणि मोजणी २० ऑगस्टला. रिंगणात पंधरा उमेदवार होते. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जुने नेते पां. ना. राजभोज हेही त्यांत होते. पाच जणांना एकही मत मिळाले नाही. एकूण ८,३६,३३७ मतमूल्यांपैकी विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होती. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली.

गिरी पुढे होते, पण कोट्याच्या अलीकडे अडले होते. देशमुखांपर्यंतचे सारे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांची मते वाटली गेली. त्यांतला मोठा वाटा अपेक्षेप्रमाणे रेड्डींना मिळाला. त्यांच्या खात्यात ९१,८७९ मतांची भर पडली, तर गिरींच्या खात्यात अवघी १८,५६२. तेवढीही पुरेशी ठरली. गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. फरक १४,६५० चा. गिरींना मत देणाऱ्या तेरा खासदारांनी रेड्डींना मत दिले असते, तर निकाल उलटला असता आणि कदाचित देशाचा पुढचा इतिहासही.

पराभव झाकणे काँग्रेसला शक्य नव्हते. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी झाली आणि एकाच्या दोन काँग्रेस झाल्या. प्रचारकाळात रेड्डींच्या बदनामीचे एक पत्रक संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वाटले गेले होते. ते प्रकरण निवडणूक याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेले. खुद्द राष्ट्रपती गिरी साक्ष देण्यासाठी न्यायालयात उपस्थित राहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. हौशी उमेदवारांची गर्दी टाळण्यासाठी १९७४ मध्ये कायदा बदलला आणि दहा सूचक व दहा अनुमोदकांची अट आली. १९९७ मध्ये ही संख्या प्रत्येकी पन्नास झाली.

गुप्त मत आणि उघड भूमिका

मग १९६९ चा ‘आतला आवाज’ खरा की खोटा? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, ते कोणालाच सांगता येणार नाही. घटनेनुसार हे मतदान गुप्त असते. कामराज वा निजलिंगप्पा यांच्यासारख्या बलाढ्य नेत्यांना दुखवण्याची हिंमत एखाद्या सामान्य आमदाराने केली असेल, तर ती या गुप्ततेच्या आधारानेच. त्याचप्रमाणे, पंतप्रधानांच्या मर्जीत राहण्यासाठी कोणी मत फिरवले असेल, तर त्यालाही आडोसा मिळाला तो याच गुप्ततेचा. मतपेटीत पडलेली चिठ्ठी विवेकाची, भीतीची की लोभाची, हे तिच्यावर लिहिलेले नसते.

म्हणून गुप्तता काढून टाकावी, असे मुळीच नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तेथे पक्षशिस्त आहे, पण विवेकाला जागा उरलेली नाही. राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही आणि पक्षांतरबंदी कायद्याचा बडगाही नाही. लोकप्रतिनिधी मोकळेपणाने निवड करू शकतो, अशी एवढी एक जागा तरी शिल्लक राहावी.

प्रश्न मतदारांचा नसून नेत्यांचा आहे. ज्या उमेदवाराच्या अर्जावर सही केली, त्याच्या पराभवाची वाट मोकळी करून द्यायची आणि त्याला सदसद्विवेक म्हणायचे, यात बुद्धिचातुर्य आहे, विवेक नाही. इंदिरा गांधींना रेड्डी अमान्य होते, तर अर्जावर सही न करण्याचा मार्ग त्यांना खुला होता. ज्येष्ठांना पंतप्रधानच नको होत्या, तर तसे उघडपणे सांगण्याचा मार्ग त्यांनाही खुला होता. दोन्ही बाजूंनी राष्ट्रपतीपदाच्या आडून लढाई केली आणि देशातील सर्वोच्च पद त्या लढाईचे हत्यार बनले.

उघड भूमिका घेणे अशक्य असते, असेही नाही. शिवसेनेने २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, तेव्हा ती राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती आणि त्या आघाडीचा कौल भैरोसिंह शेखावत यांना होता. २०१२ मध्येही सेनेने प्रणव मुखर्जींच्या बाबतीत हेच केले. त्यामागची कारणे कोणाला पटोत वा न पटोत, भूमिका मतदानाआधी जाहीर होती आणि तिची जबाबदारी पक्षाने घेतली होती.

काळाने या कथेला काही विचित्र वळणे दिली. पराभूत रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. तो मान आजवर त्यांना एकट्यालाच मिळाला आहे. ज्या पक्षाने आतल्या आवाजाच्या बळावर विजय मिळवला, त्याच पक्षाच्या राजवटीत १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. चिंतामणराव देशमुख पुन्हा निवडणुकीच्या वाटेला गेले नाहीत. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

विवेकाच्या नावाने लढल्या गेलेल्या त्या निवडणुकीत विवेकाची किंमत पूर्वीच चुकवलेले तीन उमेदवार होते. १९५४, १९५६ आणि १९६४ या तिन्ही राजीनाम्यांत सांगणाऱ्याचे नाव जाहीर होते, कारण स्पष्ट होते आणि तोटा त्याचा स्वतःचा होता. आतला आवाज खरा की सोयीचा, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी अद्याप सापडलेली नाही. यापुढे कोणी पुढारी आपल्याला आतला आवाज ऐकू आल्याचे सांगेल, तेव्हा आपण एवढेच विचारावे: त्यासाठी तुम्ही काय सोडलेत?