वेतनमर्यादेचे गणित आणि ब्रन्सनचा करार

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी डॉलर होती. स्वतःचे खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येते. मात्र पुढच्या टप्प्यांवर कर आणि निर्बंध वाढत जातात. सर्वांत वरचा टप्पा ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे वेतन एकत्र करून त्या बदल्यात एक महागडा खेळाडू घेता येत नाही.

न्यूयॉर्क निक्सचा आघाडीचा खेळाडू जेलन ब्रन्सन याने जुलै २०२४ मध्ये चार वर्षांसाठी सुमारे १५ कोटी ६५ लाख डॉलर स्वीकारले. वर्षभर थांबल्यास पाच वर्षांसाठी सुमारे २६ कोटी ९० लाख मिळू शकले असते. म्हणजे दरवर्षी सरासरी दीड कोटी डॉलरवर त्याने पाणी सोडले. संघाला इतरांच्या करारांसाठी वाव मिळाला; ब्रन्सनला, दुखापतीचा धोका न पत्करता, वर्षभर आधीच शाश्वती मिळाली.