दुसऱ्याची वही, आपले शेत



पत्रिकेच्या या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि कीड-रोग यांविषयी लिहितो. या वेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. तो म्हणजे वही. कुणा साध्या माणसाने आपल्या रोजच्या दिवसाबद्दल लिहून ठेवलेली वही वाचली तर आपल्या दिवसाला काय आधार मिळतो, आणि तशी वही आपणही का लिहावी, हे सांगावयाचे आहे. विषय उसाबाहेरचा वाटेल, परंतु शेवटी तो आपल्या फडातच येऊन पोहोचतो.

त्याचे असे झाले. कृषी पदविकेच्या वर्गात आमचा एक सोबती करंज्याचा होता. करंजा म्हणजे रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यातले, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याचे आगरी-कोळ्यांचे गाव. पूर्वी उरणचा हा मुलूख पनवेल तालुक्यातच मोडत असे, आणि जुन्या सरकारी कागदांत उरणच्या सबंध बेटाला करंजा असेच नाव आढळते. समोर धरमतर खाडीचे मुख, पलीकडे अलिबाग तालुक्यातले रेवस. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही सोबत्याकडे दोन दिवस गेलो. आपले गाळप केव्हाच संपलेले, आडसाली लागणीला अवकाश होता. तिथेही तीच स्थिती. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवलेल्या, माणसे जाळी दुरुस्त करीत बसलेली.

सोबत्याचे वडील जुने नाखवा. सत्तरी ओलांडलेली, शाळा चौथीपर्यंत. गप्पा मारता मारता त्यांनी फळीवरून एक ट्रंक खाली घेतली. तीत वह्याच वह्या. किराणा दुकानात मिळतात तसल्या, लाल पुठ्ठ्याच्या. पंचवीस-तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी. आम्ही विचारले, "काका, हे कुणाला दाखवायला लिहिता?" ते हसले आणि म्हणाले, "दाखवायचं कोणाला? विसरायला नको म्हणून."

आम्ही ती रात्र वह्या वाचण्यात घालविली.

प्रत्येक दिवसाला पाच-सहा ओळी. आधी तिथी, मग भरतीची वेळ. भरतीची वेळ काढण्याचा त्यांचा हिशेब सोपा आहे आणि आपल्या वाचकांना तो गमतीचा वाटेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाण्याला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. त्याखाली वाऱ्याची दिशा, जाळे कुठे लावले, मासळी किती, डिझेल किती, खलाशांचा वाटा किती. आणि सर्वांत खाली एखादी ओळ मनातली. कुणाशी भांडण झाले, कुणाच्या घरी पोर जन्मले, आज हात हलवीत आलो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले, हे आपणांस आठवत असेल. त्या तारखेचे पान आम्ही मुद्दाम काढले. आम्हाला वाटले, इथे मोठे वर्णन असेल. होत्या फक्त दोन ओळी. वारा फार, घराचे पत्रे गेले, होडी राहिली, माणसे सगळी आहेत. दुसऱ्या दिवसाच्या पानावर पत्रे किती लागतील त्याचा हिशेब. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे छप्पर आधी घातले, कारण त्याच्या घरात म्हातारे माणूस होते, अशी नोंद. बस्स. ती तीन पाने वाचून आम्हाला जेवढा धीर आला, तेवढा एखाद्या मोठ्या व्याख्यानाने आला नसता. काय करावे हे त्या गृहस्थाने कुणालाच सांगितलेले नाही. आपण काय केले तेवढेच लिहिले आहे.

सल्ला आणि हकिकत यांत हाच फरक आहे. सल्ला देणे आमचे कामच आहे, आणि आता तर मोबाईलवर सकाळपासून रात्रीपर्यंत सल्लेच सल्ले येतात. सल्ला ऐकणाऱ्याला वाटते, हे बोलायला ठीक आहे, माझी अडचण याला काय ठाऊक? हकिकत मात्र आपल्यासारख्याच माणसाची असते. त्याचीही मोटर जळालेली असते, त्याच्याही पोटपाटाला पाणी आलेले नसते, त्याचाही उसनवारीचा वायदा चुकलेला असतो. तरी तो दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागला, हे वाचले की आपल्यालाही उठावेसे वाटते.

आपल्या मराठी मुलखात अशा हकिकती पूर्वीपासून लिहिल्या गेल्या आहेत. करंज्यापासून फार दूर नाही, पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तेथले विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळविण्यासाठी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळविलेला पैसा लुटला गेला. घरी परतले तेव्हा आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी आणली होती. पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सारे लिहून काढले, आणि १९०७ साली ते 'माझा प्रवास' या नावाने छापले गेले. गोडसे सरदार नव्हते की पंडित म्हणून गाजलेले नव्हते. कर्ज फेडायला निघालेला एक गरीब भिक्षुक, एवढीच त्यांची ओळख. परंतु त्या काळातले साध्या माणसाचे जगणे समजून घ्यायला आज तेच पुस्तक उघडावे लागते.

भगिनींसाठी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घ्यावेसे वाटते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपला संसार, त्यातली ओढाताण आणि फजिती यांसह सांगितला. स्वतःवर हसण्याची त्यांना लाज वाटली नाही. शाळा फार झाली नाही म्हणून लिहिता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक गावच्या वाचनालयातून अवश्य आणावे.

आता शेतीकडे वळू. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळ गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्याची रीत अशी की, प्रत्येकाने आपल्या शेतावर, परसात किंवा गच्चीवर काहीतरी करून पाहायचे, त्याची नोंद ठेवायची आणि ती पत्राने किंवा बैठकीत इतरांना सांगायची. गुरू कुणी नाही, शिष्यही कुणी नाही. सांगली-तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांनी या देवाणघेवाणीतून पुष्कळ शिकून घेतले. कुणाची छाटणी लवकर झाली आणि त्याचे काय झाले, कुणी पाणी कमी दिले आणि घड कसे आले, हे एकमेकांच्या अनुभवातून त्यांना कळत गेले. एकाच्या बागेत झालेली चूक दहांच्या बागेत टळली. एका शेतकऱ्याची वही दुसऱ्याच्या उपयोगी पडते ती अशी.

आता आपल्या कार्यक्षेत्रातील एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्यांची तशी इच्छा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या नदीकाठच्या गटांतील ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. पाणी उतरल्यावर आम्ही पाहणीला गेलो तेव्हा एक तरुण सभासद बांधावर बसून होते. म्हणाले, "साहेब, आता रान खंडानं देऊन टाकतो आन् पुण्याला जातो. काय राहिलंय हितं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पंचनाम्याचा कागद भरून आम्ही निघून आलो.

पंधरा दिवसांनी तेच सभासद गट कचेरीत आले. हातात वडिलांची जुनी वही. वडील वारून काही वर्षे झाली होती. आईने घर आवरताना ती वही काढून दिली. तीत २००५ च्या पुराच्या नोंदी होत्या. कोणत्या तारखेला पाणी कोणत्या बांधापर्यंत आले, ओढ्याकडच्या पट्टीत किती दिवस तुंबले, वरच्या पट्टीतला ऊस कसा वाचला. ज्या उसाचे शेंडे कुजले त्याला पांगशा फुटल्या, म्हणून तो आधी तोडायला दिला. जो शेंडा हिरवा राहिला त्याच्या पोंग्यातला गाळ धुऊन काढला, चर काढून पाण्याला वाट दिली आणि वापसा येईपर्यंत रानात पाय घातला नाही.

एवढे तर आम्हीही सांगितले असते. पण त्या वहीत आणखी एक ओळ होती. वडिलांनीही एका रात्री लिहिले होते की आता शेती पुरे. आणि चार दिवसांनंतरची नोंद होती बेणे ठरवून आल्याची.

ते तरुण सभासद आम्हाला म्हणाले, "आमचा बाप कधी खचला असंल, आसं मला वाटलंच नव्हतं. मला तो कायम ताठच दिसला." एवढे बोलून ते थांबले. त्यांनी रान खंडाने दिले नाही. ओढ्याकडची पट्टी त्यांनी वडिलांच्या नोंदीप्रमाणे वेगळी धरली आणि तिथला चर खोल केला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, नुकसान झालेच. पण या वेळी काय करायचे ते ठाऊक होते, आणि आता तेही वही लिहितात.

मग वही कशी लिहावी? आमच्या समजुतीप्रमाणे पुढील गोष्टी पुरेत.

नोंद त्याच दिवशी करावी. आठवड्याने लिहिलेली नोंद ही आठवण असते आणि आठवण आपल्या सोयीने बदलते. दिवसाला पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नये, म्हणजे कंटाळा येत नाही. उसासाठी गट नंबर, लागणीची तारीख, जात, बेणे कोणाकडून आणले, पाण्याच्या पाळ्या, खताचा प्रत्येक हप्ता, मजुरी, पाऊस, तोडणीची तारीख आणि काट्यावरचे वजन एवढे असावे. खोडवा ठेवला असल्यास पाचट ठेवले की जाळले आणि बुडखे केव्हा छाटले, हेही लिहावे.

या नोंदीचा रोकडा उपयोग काय, त्याचे एक उदाहरण देतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे असे धरले तरी एकरी सुमारे ३५० किलो युरिया होतो, म्हणजे ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या. एका सभासदाला आपण माफकच खत देतो असे वाटत होते. वर्षभराच्या नोंदीची बेरीज केली तेव्हा मिश्रखते सोडून नुसत्या युरियाच्याच बारा गोण्या निघाल्या! ऊस का लोळतो, याचे उत्तर त्यांना त्यांच्याच अक्षरात मिळाले.

चुका अवश्य लिहाव्यात. यशाच्या गोष्टी सगळेच सांगतात. ज्या वहीत फसलेले पाणी, वाया गेलेली फवारणी आणि दुकानदाराच्या शब्दावर घेतलेली भारी बाटली लिहिलेली असते, ती वही वाचणाऱ्याच्या खरी उपयोगी पडते. शेवटी एक ओळ मनातली लिहावी. ती लिहायला लाज वाटते हे आम्ही जाणतो. आम्हालाही वाटते. पण वर सांगितलेल्या सभासदाला उभे केले ते त्याच एका ओळीने.

दुसऱ्याची वही वाचताना मात्र एक पथ्य पाळावे. तिची नक्कल करू नये. त्याची जमीन मुरमाड, आपली काळी आणि चोपण. त्याचे पाणी विहिरीचे, आपले नदीचे. त्याचा आकडा घेण्यापेक्षा तो कसा पाहतो आणि कसा विचार करतो ते घ्यावे. करंज्याच्या नाखव्याची तिथी आपल्या उसाला लागू नाही, पण रोज आभाळाकडे आणि पाण्याकडे पाहून दोन ओळी लिहिण्याची त्याची सवय आपल्याला खचित लागू आहे.

घरातील जुन्या ट्रंका, देव्हाऱ्यामागचे कोनाडे, आजोबांची चोपडी, आजीचे घरखर्चाचे टिपण एकदा काढून पाहा. रद्दीत घालण्यापूर्वी वाचा. आणि ज्यांना आपल्या वहीतील एखादे पान इतर सभासदांना सांगावेसे वाटेल, त्यांनी ते गट कचेरीत आणून द्यावे. नाव नको असेल तर नाव घालणार नाही. पत्रिकेच्या या पानावर आमच्या सल्ल्याबरोबर आपली हकिकत आली, तर पानाची किंमत वाढेल असे आम्हास वाटते.

करंज्याहून निघताना काकांनी आम्हाला एक कोरी लाल वही दिली. तिची पहिली नोंद आम्ही परतीच्या एस. टी. त लिहिली. अक्षर वाकडे आले आहे, पण तारीख बरोबर आहे.



आपला,
ऊस विकास अधिकारी