मृत कास्तकाराच्या नावाचा विमा : वारसांनी दाद कशी मागावी

कापूस विकून घरी पैसा आला की वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत दोन प्रकारची माणसे हटकून येतात. एक उधारी वसूल करणारा, आणि दुसरा पैसा गुंतवा म्हणून सांगणारा. या दुसऱ्याच्या हाती छापील तक्ता असतो. एकदाच पन्नास हजार रुपये भरा, पाच वर्षांनी दुप्पट घ्या, विमा तर फुकटच, असे तो सांगतो. कास्तकार दाखविलेल्या जागी सही करतो. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची सूचना येते तेव्हा उलगडा होतो की ती ठेव नव्हे, दहा वर्षे दरसाल हप्ता भरावयाची पॉलिसी आहे. मालक हयात असेल तर तो एजंटाला गाठून जाब तरी विचारतो. तो वारला म्हणजे ज्याच्याशी बोलणे झाले तोच राहत नाही, आणि घरच्यांच्या हाती इंग्रजी मजकुराचा एक गठ्ठा तेवढा उरतो.

गेले ते गेले म्हणून हा गठ्ठा पेटीत तसाच ठेवण्याकडे पुष्कळ घरांचा कल असतो. तो बरोबर नाही. फसवून विकलेल्या विम्याबद्दल दाद मागण्याचा हक्क विमेदाराबरोबर संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात मृत ग्राहकाच्या कायदेशीर वारसास तक्रारदार मानले आहे. विमा लोकपालांसंबंधीच्या २०१७ च्या नियमांतही वारस व नामनिर्देशित व्यक्ती यांना तक्रार करता येते. अडचण हक्काची नाही. कागद आणि मुदत यांची आहे.

प्रथम विमा कोणकोणता होता ते शोधावे

मृताच्या नावावर किती विमे होते हे घरातील बायामाणसांस बहुधा ठाऊक नसते. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम मृताची सर्व बँक खातेपुस्तके मागून घ्यावीत व मागील तीन-चार वर्षांच्या नोंदी भरून आणण्यास सांगावे. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना होय, आणि २० रुपये कापले गेले असतील तर ती सुरक्षा विमा योजना होय. १ जून २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे ३३० व १२ रुपये होत्या. दोन्ही योजनांत विम्याची रक्कम दोन लाख रुपये आहे. पहिलीत मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला चालतो. मात्र नव्याने सहभागी झालेल्यास पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूस संरक्षण नसते. दुसरी योजना केवळ अपघातासाठी आहे. खात्यातून रक्कम कापली जाते, घरी कोणास माहीत नसते, आणि मनुष्य गेल्यावर दावा न करताच पैसा राहून जातो, असे होता कामा नये.

दुसरे ठिकाण म्हणजे कर्जाचे कागद. सूक्ष्म वित्त संस्था किंवा बँक कर्ज देताना कर्जदाराचा समूह विमा उतरविते व त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतूनच वळता करते. चाळीस हजार मंजूर होऊन हाती त्याहून कमी रक्कम आली असेल, तर मधला फरक कशाचा हे लेखी विचारावे. कर्जदार वारल्यावर हे कर्ज विम्यातून फिटावयाचे असते. तसे असताना विधवा बाई मजुरी करून आठवड्याचा हप्ता भरीत राहते, ही गोष्ट केवळ कोणी विचारले नाही म्हणून घडते.

दोन निरनिराळे दावे

विम्यासंबंधी वारसांची मागणी दोन प्रकारची असू शकते. त्या दोहोंची गल्लत झाली की अर्ज फुकट जातो.

पहिला प्रकार असा की पॉलिसी चालू होती, विमेदार वारला, आणि कंपनीने माहिती खोटी दिली होती असे म्हणून दावा नाकारला. प्रस्तावपत्रात आजार नाही असे लिहिलेले असते, व ते लिहिणारा एजंट असतो. येथे विमा कायदा, १९३८ याचे कलम ४५ वारसांनी पक्के ध्यानात ठेवावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा बंद पडून पुन्हा चालू केली असल्यास त्या दिवसापासून तीन वर्षे उलटल्यावर आयुर्विम्याची पॉलिसी कोणत्याही कारणाने वादग्रस्त ठरविता येत नाही. तीन वर्षांच्या आत कंपनीस तसे करता येते. परंतु तिने आपली कारणे व ज्या पुराव्यावर ती आधारली आहेत तो पुरावा वारसांस लेखी कळविला पाहिजे. केवळ चुकीची माहिती, लबाडी नव्हे, असे कारण असेल तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत केले पाहिजेत. दावा नाकारला म्हणून निराश झालेली कित्येक कुटुंबे ही परतफेडही मागत नाहीत.

लबाडीचा आरोप असेल तर मात्र एक कठीण गोष्ट आहे. विमेदार हयात नसल्यास लबाडी झाली नाही हे दाखविण्याचा भार कायद्याने वारसांवर टाकला आहे. तरी त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की विम्याचा करार घडवून आणण्यासाठी जो मनुष्य बोलणी करतो तो त्या कामापुरता कंपनीचाच एजंट समजला जाईल. सारांश, एजंटाने अंगणात बसून विचारले एक आणि लिहिले दुसरे, तर तो परका मनुष्य होता असे कंपनीस म्हणता येणे सोपे नाही. यासाठी प्रस्तावपत्राची प्रत मागवून शेवटचे पान पाहावे. मजकूर इंग्रजीत व सही मराठीत किंवा अंगठा असेल, तर मजकूर विमेदाराच्या भाषेत समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र तेथे असावे लागते. ते कोरे आहे काय, त्यावर कोणाची सही आहे, ती व्यक्ती त्या दिवशी गावात आली होती काय, या साध्या प्रश्नांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

लपविलेला प्रत्येक आजार दावा बुडवितो असेही नाही. महाराष्ट्रातील एका विमेदाराने कमरेच्या मणक्याचे दुखणे प्रस्तावपत्रात लिहिले नव्हते. त्याचा मृत्यू हृदयविकाराने झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही, यास्तव दावा नाकारणे योग्य नव्हते, असा निर्णय दिला. आत्महत्येविषयीही गैरसमज फार आहे, आणि २००६ च्या केंद्र शासनाच्या मदत योजनेत घेतलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी वर्धा हा एक असल्याने तो येथे विशेष घातक ठरतो. अपघात विम्यात आत्महत्येस संरक्षण नाही हे खरे. परंतु साध्या आयुर्विम्यात पहिल्या बारा महिन्यांनंतर पूर्ण रक्कम देय असते, आणि त्याआधी घटना घडली तरी हप्त्यांचा मोठा भाग परत मिळतो. लाजेपोटी कागद दडवून ठेवणाऱ्या कुटुंबास हे कार्यकर्त्याने आपणहून, व एकांतात, सांगावे.

दुसरा प्रकार आरंभी सांगितलेल्या ठेवीचा. समजा, समुद्रपूर तालुक्यातील एका कास्तकाराने एकच हप्ता भरला, दुसरा भरला नाही, पॉलिसी बंद पडली, व तिसऱ्या वर्षी तो वारला. येथे मृत्यूचा दावा टिकणार नाही. कंपनी पॉलिसी बंद होती असे उत्तर देईल, व ते तिच्या बाजूने बरोबरही असेल. यासाठी मागणीच वेगळी करावी : ही विक्री खोट्या माहितीवर झाली, सबब भरलेली रक्कम परत करावी. याला पुरावा घरातच असतो. प्रस्तावपत्रात वार्षिक उत्पन्न काय लिहिले आहे? चार एकर कोरडवाहू कापूस व तूर असलेल्या मनुष्याचे उत्पन्न सहा लाख व धंदा व्यापार असा दाखविला असेल, तर सातबारा उतारा जोडून ती विसंगती उघड करावी. दरसाल पन्नास हजार भरण्याची ज्याची ऐपत नाही त्याने दहा वर्षांचा करार समजून घेऊन केला, यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. पॉलिसी घरी केव्हा पोचली याचा टपालाचा पुरावाही मागावा. कारण पॉलिसी हाती पडल्यापासूनच ती परत करण्याची मुदत मोजली जाते. ही मुदत पूर्वी पंधरा दिवसांची होती, ती २०२४ पासून तीस दिवसांची झाली. विक्रीनंतर कंपनीने खातरजमेसाठी दूरध्वनी केला असेल तर त्याचे ध्वनिमुद्रण जपून ठेवून त्याची प्रत द्यावी, असे पहिल्याच पत्रात लिहावे.

मयताशी एजंट काय बोलला हे सांगणारी साक्षही उपयोगी पडते. त्या वेळी ओसरीवर बसलेल्या पत्नीचे, भावाचे किंवा शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र करावे. एजंट सहसा एका घरी थांबत नाही. त्याच आठवड्यात गावातील आणखी चार घरांस त्याने हीच ठेव सांगितली असेल, तर त्यांची निवेदने एकत्र जोडावीत.

दाद कोठे मागावी

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. तोंडी तक्रारीस काडीची किंमत नाही. कंपनीने चौदा दिवसांत तक्रारीचा निकाल द्यावयाचा असतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. मृत्यूच्या दाव्यास, चौकशीची गरज नसल्यास, १५ दिवसांची व चौकशी असल्यास ४५ दिवसांची मुदत २०२४ पासून घालून दिली आहे.

महिनाभरात उत्तर न आले किंवा आलेले उत्तर मान्य नसले, तर विमा लोकपालांकडे जावे. वर्धा जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुणे येथे आहे. अर्ज टपालाने चालतो. फी नाही, वकील नको, पन्नास लाखांपर्यंतची मागणी ऐकली जाते. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र अर्ज पोचला पाहिजे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. तो न पटल्यास वारसांस वर्धा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्यास मोकळीक राहते. उलट, प्रकरण आयोगापुढे आधीच चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. यास्तव क्रम चुकवू नये. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे व पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे फी पडत नाही.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत केल्यास तीस काही खर्च येत नाही. पॉलिसीत नामनिर्देशन असेल तर त्या व्यक्तीने अर्ज करावा. नसेल, किंवा ती व्यक्तीही वारली असेल, तर कंपनी दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला मागू शकते. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली म्हणजे काम झाले असे समजू नये; तो फेरफार जमिनीपुरता असतो.

शेतकऱ्याचा मृत्यू अपघाती असेल तर वरील सर्वांखेरीज गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०१५ पासून ही योजना विमा कंपन्यांमार्फत चालत असे. दावे रेंगाळतात व नाकारले जातात अशा तक्रारी वाढल्यावर १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने कंपनी मधून काढून टाकण्यात आली. आता दोन लाखांचे अनुदान शासन स्वतः देते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत करावयाचा असतो, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुटुंबातील एका सदस्यासही ही योजना लागू आहे. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हे तीस दिवस फार लवकर सरतात. पंचनाम्याची व शवविच्छेदन अहवालाची प्रत त्याच आठवड्यात मागून ठेवावी.

दावा दाखल झाल्यावर, किंवा कधी त्याआधीच, वारसांस दूरध्वनी येऊ लागतात. बोलणारा आपण विमा नियामक प्राधिकरणातून बोलतो असे सांगतो, मृताच्या नावे बोनस पडून आहे म्हणतो, व तो सोडविण्यासाठी आधी काही रक्कम किंवा नवी पॉलिसी मागतो. प्राधिकरण कोणासही पॉलिसी विकत नाही व बोनसही देत नाही. खरोखरच न मागितलेली रक्कम पडून असेल तर ती कंपनीच्याच संकेतस्थळावर मृताचे नाव व पॉलिसी क्रमांक घालून पाहता येते. दहा वर्षांनंतर अशी रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते, तरी पुढील पंचवीस वर्षे वारस ती कंपनीमार्फत मागू शकतात. त्यासाठी कोणासही टक्केवारी द्यावी लागत नाही.