खटक्याने बदललेली सायकल

ऐंशीच्या दशकातल्या रेसिंग सायकलींचा विषय निघाला की आधी आठवते ती १९८९ ची तूर द फ्रान्स. व्हर्साय ते पॅरिस या साडेचोवीस किलोमीटरच्या अखेरच्या टप्प्यात ग्रेग लेमाँडने हँडलला जोडलेल्या नव्या दांड्यांवर कोपरं टेकवली, वाऱ्याचा अडसर कमी केला आणि ५० सेकंदांची पिछाडी भरून काढत लोराँ फिन्योंला ८ सेकंदांनी हरवलं. प्रसंग थरारक खराच. तरी सायकल मुळापासून बदलली ती १९८४ साली शिमानोने ड्युरा-एस संचात आणलेल्या इंडेक्स गिअरने, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी फ्रेमच्या तिरप्या नळीवरचा खटका केवळ घर्षणाने जागच्या जागी राहायचा. तो किती सरकवायचा हे हाताने आणि कानाने ठरवायचं. शिमानोने प्रत्येक गिअरला एक ‘टिक्’ नेमून दिली. पण ती टिक् अचूक लागायची तर खटक्याची पायरी, केबलचा ताण, साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरची चाल आणि मागच्या चकत्यांमधलं अंतर यांचं गणित एकमेकांशी जुळलंच पाहिजे. सनटूर या प्रतिस्पर्धी कंपनीच्या तिरप्या चौकटीच्या डिरेलरचं १९६४ चं पेटंट नेमकं याच सुमारास संपलं. शिमानोने ती रचना उचलली, वरच्या सांध्यातही स्प्रिंग घातली आणि सगळे भाग एकत्र आखले. कॅम्पान्योलो कंपनीचा सिंक्रो हा टिक्-वालाच खटका मात्र वेगवेगळ्या फ्रीव्हीलशी, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचांशी, जुळवून घेऊ पाहत होता. तिथेच तो फसला.

यावर कोणी म्हणेल, मोठी क्रांती लूक कंपनीच्या, बूट थेट अडकवणाऱ्या पॅडलची. बर्नार्ड इनोने १९८५ ची तूर त्यांवरच जिंकली आणि पायाचे पट्टे कालबाह्य झाले. हे मान्य, पण ते पॅडल कोणत्याही सायकलला बसत होतं, बाकीच्या भागांना त्याने हातही लावला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुना खटका कुठल्याही फ्रीव्हीलवर चालायचा, ते स्वातंत्र्य गेलं. शिमानोने त्याच खटक्यात जुन्या पद्धतीची सोय ठेवली होती, तरी सुटे भाग हवे तसे मिसळण्याचे दिवस सरले, हे नुकसान खरंच झालं. मात्र दमलेल्या, गारठलेल्या बोटांना चूक करू न देणारा गिअर त्या बदल्यात मिळाला. अँडी हॅम्पस्टनने गाविया घाटातल्या हिमवर्षावाला तोंड देत १९८८ ची जिरो ही इटलीतली शर्यत जिंकली ती शिमानोच्या संचावर. माझ्या लेखी हा सौदा फायद्याचाच ठरला. १९९० मध्ये गिअर ब्रेकच्या मुठीत आला, तोही याच टिक्-च्या आधाराने.