फराळाचा डबा आणि खोक्यातली हवा

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर आजचा विषय इथे थोडक्यात वाचा. विषय आहे दिवाळीच्या गर्दीतलं पॅकिंग.

माझी मावशी सांगलीत फराळ करून पार्सलने पाठवते. मागच्या दिवाळीत तिच्या सहा गिऱ्हाइकांकडे चकलीचा चुरा पोचला. मावशीने पैसे परत केले. पण म्हणाली, "अरे, पैशाचं सोड. त्यांच्या ताटात चुरा गेला ना रे, तेही दिवाळीत!"

मी कोड लिहिणारा माणूस. काही बिघडलं की आधी बग शोधायचा, ही सवय. सापडलेला बग साधा होता: खोकं मोठं, माल कमी.

मावशी सगळ्यांना एकच खोकं वापरायची, ४० × ३० × ३० सेंटीमीटरचं. आत साडेतीन किलोचा ऐवज. उरलेल्या जागेत डबे आपटत जायचे. वर भाडंही जास्त. कारण कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकं किती जागा अडवतं तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बरेच जण त्याला ५००० ने भागतात. (काहींचा आकडा वेगळा असतो, आधी विचारून घ्या.) ३६,००० भागिले ५००० म्हणजे ७.२ किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. म्हणजे मावशी निम्म्याहून जास्त पैसे हवा पाठवायला देत होती!

तोच माल ३५ × २५ × २० च्या खोक्यात बसला. हिशोब करा: बरोब्बर साडेतीन किलो.

मग आम्ही काय काय बदललं?

एक, खोक्यांचे फक्त तीन साइज ठरवले. कुठली ऑर्डर कशात जाणार, हे भिंतीवर लिहून लावलं. गर्दीत विचार करायला वेळ नसतो, तो आधीच करून ठेवायचा.

दोन, जड पार्सलला थ्री-प्लायऐवजी फाइव्ह-प्लाय खोकं. गोडाऊनमध्ये आपल्या खोक्यावर दुसरी खोकी रचली जातात. 'नाजूक' स्टिकर लावा हवं तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तीन, चकली पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत. गरम भरली तर आत वाफ धरते आणि ती मऊ पडते. लाडू खाली, चकली वर, तीही कडक डब्यात. आणि वर्तमानपत्र खाण्याला थेट लावायचं नाही, शाईमुळे एफएसएसएआयची तशी मनाई आहे.

चार, हलवून बघायचं. खोकं बंद करून कानाजवळ हलवा. आवाज आला तर उघडा, जागा भरा, मगच टेप. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवरही.

पाच, ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख. आमच्याकडे रिलीजआधी कोड फ्रीझ असतो, तसंच. हे मावशीला सगळ्यात जड गेलं. ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण घाईत भरलेलं खोकंच फुटतं, हे तिनेच अनुभवलं होतं.

तुमच्या घरी कुणी असं पार्सल पाठवत असेल, तर आज एवढंच करा: त्यांचं खोकं मोजा आणि ५००० ने भागून बघा. हवेचे किती पैसे जातात ते कळेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!