मकावातील पूर्वजस्मरण

चीन देशाची ओळख आपणांपैकी बहुतेकांना चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी यांपुरतीच असते. परंतु एखाद्या समाजाचे अंतःकरण पाहावयाचे असेल, तर तो आपल्या वडीलधाऱ्यांशी व आपल्या मृतांशी कसा वागतो, हे पाहावे. सन २०१९ च्या एप्रिल महिन्यात आमचे धाकटे बंधू मकाव येथे नोकरीस होते. त्यांच्या निमंत्रणावरून आम्ही वृद्ध मातोश्री व मुलाबाळांसह तेथे आठ दिवस राहून आलो. त्या दिवसांच्या गोड आठवणी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मकाव हे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील चिमुकले शहर. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज तेथे स्थायिक झाले आणि २० डिसेंबर १९९९ रोजी ते चीनकडे परत गेले. गोव्याशी त्याचे नाते जुने आहे. सन १५७६ मध्ये स्थापन झालेला तेथील धर्मप्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होता. कोळंबी खारवून केलेले ‘बालिशाव’ तेथील स्वयंपाकात वापरतात हे ऐकताच मातोश्रींना गोव्याचे बाल्शांव आठवले व परकेपणा निम्मा सरला!

संत पौलाच्या सुप्रसिद्ध देवळाची आज केवळ दर्शनी भिंत उभी आहे. बाकीचे देऊळ १८३५ च्या आगीत भस्मसात झाले. त्या भिंतीवर पवित्र मरिया, सात डोक्यांचा अजगर व मृत्यूचा सांगाडा कोरलेला असून शेजारी चिनी लिपीतील लेख आहेत. त्यांपैकी एकाचा अर्थ असा की, मरणाचे स्मरण ठेवणाऱ्याच्या हातून पाप घडत नाही. युरोपीय धर्मगुरूंची योजना आणि पूर्वेकडील कारागिरांचे हात यांचा असा मनोहर संगम आम्ही अन्यत्र पाहिला नव्हता.

चहाच्या उपाहारगृहात मुलांची मोठी गंमत झाली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा! बांबूच्या लहान करंड्यांतून वाफाळलेले पदार्थ येत. तेथे चहा ओतावयाचा तो प्रथम वडिलांच्या पेल्यात; स्वतःचा पेला शेवटी. ओतणाऱ्याचे आभार मानण्यासाठी दोन बोटांनी मेजावर हलकेच टकटक करतात. वाढणारी मुलगी मातोश्रींना ‘पो-पो’, म्हणजे आजी, असे म्हणून दोन्ही हातांनी पेला देई. भाषा कळत नसताही मातोश्रींना तो मान कळला.

परंतु मनात खोल रुजला तो ५ एप्रिलचा दिवस. त्या दिवशी ‘छिंगमिंग’, म्हणजे पूर्वजांच्या कबरी स्वच्छ करण्याचा सण होता. मकावात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. झाडू, कुंचले, फुले घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरउतारावरील थडग्यांकडे निघतात. गवत उपटतात, उदबत्त्या लावतात, चहा, फळे व भाजलेले डुकराचे मांस पूर्वजांपुढे ठेवून तीनदा लवतात आणि मग सर्वजण मिळून ते अन्न खातात.

बंधूंच्या सहकाऱ्याचे चिनी कॅथलिक कुटुंब आम्हांला संत मायकल दफनभूमीत घेऊन गेले. क्रुसांखाली चिनी अक्षरांतील नावे होती. पुसट झालेल्या नावावर एक वृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून पुन्हा रंग भरीत होते व एकेका नावाबरोबर त्या माणसाची एकेक हकीकत सांगत होते. उपवासकाळातील शुक्रवार असल्यामुळे त्यांच्या शिदोरीत मांस नव्हते. संत्री व चहा होता. जपमाळ झाली. मग सर्वांनी कबरीपुढे तीनदा नमन केले.

हे नमन आज सहज घडते. परंतु त्यासाठी चिनी ख्रिस्ती कुटुंबांनी फार सोसले आहे. गोव्यात राहून १५८२ मध्ये मकावला आलेले येशूसंघीय धर्मगुरू मात्तेओ रिची यांचे मत असे होते की, हा वडिलांविषयीचा आदर आहे, मूर्तिपूजा नव्हे. इतरांना ते पटले नाही. दीर्घ वादानंतर पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१५ मध्ये या विधींना मनाई केली आणि १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ती कायम केली. ज्या सम्राट कांगशी यांनी १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती, त्यांनीच रुष्ट होऊन धर्मप्रचारावर बंदी घातली. विधी करावा तर धर्म दुरावे. न करावा तर कुळ दुरावे! अखेर ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, रोमने हा आदर व्यक्त करण्यास अनुमती दिली. मधल्या दोन शतकांत किती घरे दुभंगली असतील, याची कल्पनाच करावी.

आपणांस २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावण्यास कोणी कधी आडकाठी केली नाही. तथापि आपली तरुण मुले आज आखातात व मोठ्या शहरांत विखुरली आहेत; कबर कोणाची, हे सांगणारी म्हातारी माणसे एकेक करून निघून जात आहेत. त्यांच्याबरोबर नावेही जातील. मकावहून परत येताच आमच्या मातोश्रींनी नातवंडांना जवळ बसवून कुळातील पाच पिढ्यांची नावे वहीत लिहून घेतली. त्यांतील दोन नावे आम्हीही प्रथमच ऐकली.

वाचकहो, परदेशवारी सर्वांना घडतेच असे नाही. परंतु आपल्या गावच्या दफनभूमीपर्यंतची वाट प्रत्येकाच्या पायाखालची आहे. येत्या नोव्हेंबरात मुलांना सोबत न्यावे, त्यांच्या हाती कुंचला द्यावा आणि कबरीवरील प्रत्येक नावाबरोबर एक हकीकत सांगावी.